फोटोबाहेरचा ट्रॅक्टर

"ट्रॅक्टर झाडामागे लाव. उद्घाटनाच्या फोटोत शोभणार नाही," असे मी शिरपतीस, माझ्या धाकट्या बंधूस, सर्वांदेखत बजावले आणि पर्यटकांसाठीची नवी मोटरबोट ट्रेलरसह माझ्या छोट्या कारला जोडली.

धरणाच्या उतारावरून बोट पाण्यात सोडताना तिच्या भाराने कारच मागे ओढली जाऊ लागली. ब्रेक दाबूनही चाके घसरतच राहिली. माझ्याशेजारी पत्नी किंचाळली. पाणी दारापर्यंत चढले.

शिरपतीने ट्रॅक्टर आणून साखळी अडकवली व बोटीसह कार वर ओढली.

इतक्यात छायाचित्रकाराने कॅमेरा उचलला. चिखलाने माखलेला शिरपती मध्ये उभा राहिला.

"आत्ता नगं, पाव्हणं. दादा भिजलाय. फोटूत शोभायचा न्हाई."

त्याने हे उपहासाने म्हटले असते, तर मला मान वर करता आली असती.