नाव तेच

तेजरामने तीच आज्ञा पुन्हा टाइप केली. पडद्यावर पुन्हा तेच उत्तर उमटलं. चूक. आज्ञा कळली नाही.

"मशीन रुसली का जी, तेजरामभाऊ?" चपराशी गोपीचंद दारातून म्हणाला. "उदबत्ती लावू का?"

तेजराम हसला नाही. भंडाऱ्याच्या या धान संघात संगणक आला तो त्र्याऐंशी साली. त्याच्याशी बोलायची भाषा एकट्या तेजरामला यायची. चार वर्षं खपून त्याने सगळं त्या भाषेत लिहून काढलं होतं. कोणत्या गावचं धान आलं, गिरणीत तांदूळ किती निघाला, कोंडा किती. त्याच बळावर करडी गावच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवणारा पोरगा पंख्याखालच्या खुर्चीवर बसला होता.

आज सकाळी मुख्य कचेरीतले कृष्णरावसाहेब नागपूरहून त्या भाषेची नवी आवृत्ती घेऊन आले. "नाव तेच आहे," ते म्हणाले. "तुमचं जुनं सगळं जसंच्या तसं चालेल." त्या शब्दावर तेजरामने आपल्या हाताने जुनी आवृत्ती पुसून टाकली.

तेवढ्यात दारात त्याची माय वच्छलाबाई येऊन उभी राहिली. सकाळच्या एसटीने आलेली. लुगड्याच्या काठाला धानाच्या रोवणीचा चिखल, काखेत गाठोडं.

"तेजू!" शेतातून मारावी तशी तिने हाक मारली.

साहेबांनी वळून पाहिलं. "कोण या?"

"गावाकडच्या एक बाई आहेत," तेजराम म्हणाला. "धानाची चौकशी असेल. गोपीचंद, यांना बाहेर बसव."

वच्छलाबाई गाठोडं सावरत बाहेर गेली.

दिवस कलला तरी तेजरामने लिहिलेलं एकही काम चालेना. कृष्णराव घड्याळ पाहत उठले. "ही दुसरीच भाषा झाली म्हणायची. असू द्या. एक तारखेपासून हिच्यात शिकलेला मुलगा पाठवतो. तुम्हाला गोदामात काहीतरी बघतील."

जीप गेली. तेजराम बाहेर आला. माय कडुलिंबाखाली तशीच बसून होती. तो तिच्याशेजारी मटकन बसला. साहेब गेले तशी घरची बोली आपोआप तोंडात आली.

"धोका झाला व माय. नाव तेच, सारं तेच म्हणे. अन् माह्या एका शब्दाले वळखत नाई. माह्याच हातानं शिकवलेली मशीन!"

"पुन्हा सांगून नाई पाह्यलं का?"

"दिवसभर तेच करून राहिलो ना. तेच सांगतो, पुन्हा तेच सांगतो."

वच्छलाबाईने गाठोडं सोडलं. लाखोळीच्या डाळीचे वडे गार पडले होते. त्यातला एक तिने त्याच्या हातावर ठेवला.

"मी त एकच हाक मारली, बाबू," ती म्हणाली.