मागून झाल्यावर

"मागून झालं की तोंड बंद," प्रशिक्षक म्हणाला. "आधी जो बोलेल तो हरला. देणगीदार बोलला तर देणगी आली, तुम्ही बोललात तर गेली."

समोर अर्धवर्तुळात बसलेल्या निधीप्रमुखांनी माना डोलावल्या. सगळे आपापल्या संस्थेसाठी वर्षानुवर्षं हात पसरून तयार झालेले; पण शिकवणारा कोट घालून आला की माणसं आपल्याला येत असलेलंही लिहून घेतात. ताईने मात्र पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. गप्प कसं बसायचं हे तिला कोण शिकवणार?

सरावासाठी प्रशिक्षकाने जोड्या लावल्या आणि ताईसमोर नेमकं धाकटीला बसवलं. दोघींची आडनावं वेगळी, संस्था वेगळ्या. ताई एका बड्या संस्थेतली, धाकटी एका छोट्याशा अंधशाळेतली. या सख्ख्या बहिणी आहेत हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. सकाळपासून दोघींनी एकमेकींकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ताईने देणगीदार व्हायचं, धाकटीने मागायचं, असं ठरलं.

धाकटी खुर्चीत बेताबेताने टेकली. तिने कमरेला रुंद पट्टा आवळला होता. नाटकं, ताईच्या मनात आलं.

"मॅडम, वेळ दिलात, आभारी आहे."

"मुद्द्याचं बोला," ताई म्हणाली. "माझ्या दारात रोज रांग असते."

दोन-चार जण हसले. देणगीदार हुबेहूब वठला होता.

"माझी आई सहा वर्षं माझ्याकडे आहे," धाकटी म्हणाली. "तिला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, सगळं मीच करते. आता माझी पाठ गेलीये. डॉक्टरांनी भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणून सांगितलंय. आईला तुम्ही तुमच्याकडे न्या."

ताईची कानशिलं तापली. चारचौघांत! घरी येऊन नाही, फोनवर नाही, उठून जाता येणार नाही अशी जागा बघून हिने बरोबर डाव साधला होता. धाकटीचा फोन ती महिनाभर उचलत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

"पैसे मागा, पैसे," प्रशिक्षक मागून कुजबुजला.

"पैसे मॅडम पाठवतातच. न चुकता. पैसे नकोत."

"वा! म्हणजे जुना देणगीदार," प्रशिक्षक खूश झाला. "त्याच्याकडे पैशांपलीकडचं मागायचं. पुढे?"

"विचार करून कळवते," ताई दात आवळून म्हणाली.

"ही पळवाट!" प्रशिक्षकाने बोट वर केलं. "इथे सोडायचं नाही. कधीपासून, ते स्पष्ट सांगा."

"आजपासून," धाकटी म्हणाली. "आई खाली बसलीये. तिची बॅग भरून आणलीये."

आणि ती गप्प बसली. ताईही गप्प बसली.

हा खेळ दोघींना काही नवा नव्हता. लहानपणी त्यांनी अबोला धरला की आई मध्ये पडायची नाही. मिटल्यावर एवढंच विचारायची, "आधी कोण बोललं?" आणि जी आधी बोलली असेल तिला त्या रात्री कुशीत घ्यायची. धाकटीला कधी दम निघायचा नाही. दर वेळी तीच हरायची आणि आईला बिलगून झोपायची. ताई जिंकायची आणि भिंतीकडे तोंड करून एकटी पडून राहायची. तो राग तिने आजवर जपला होता. कुशीत तू झोपलीस ना, मग आता उचल तूच, असं तिला सरळ तोंडावर म्हणायचं होतं.

सभागृहातले सगळे पुढे झुकून बघत होते. धाकटीचे डोळे भरून आले, पण तिने नजर हटवली नाही. एकदा 'हो' ताईच्या अगदी ओठांवर आलं. आई खरंच खाली असेल, एकटी, अनोळखी माणसांत. पण हिच्यापुढे हार मानायची?

"ताई, बोल ना गं काहीतरी," धाकटी म्हणाली.

"अरेरे!" प्रशिक्षक कळवळला. "बोललात! इतकं छान धरून ठेवलं होतंत. आणि देणगीदाराला ताई म्हणून अशी गळ घालायची नसते." मग तो ताईकडे वळला. "मॅडम, तुमच्यासारखं गप्प बसणारं माणूस मी आजवर पाहिलं नाही."

सगळ्यांनी ताईसाठी टाळ्या वाजवल्या. धाकटीनेही वाजवल्या.

जेवणाची सुट्टी झाली तशा दोघी वेगवेगळ्या लिफ्टने खाली उतरल्या. स्वागतकक्षाच्या कोपऱ्यात आई चाकाच्या खुर्चीत बसली होती, बॅग मांडीवर घट्ट धरून. तिने एकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग दुसरीच्या.

"आधी कोण बोललं?"

"मी," धाकटी म्हणाली.

आई ताईकडे बघत राहिली. ताईने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आईने आणखी थोडी वाट पाहिली.

"बरं," ती म्हणाली आणि तिने धाकटीच्या हातावर हात ठेवला. "चल मग. तुझ्याकडेच."

खुर्चीचा ब्रेक सोडायला धाकटी वाकली. तिचा एक हात कमरेच्या पट्ट्यावर होता.