हातमोज्यांची दुसरी जोडी

सासऱ्यांनी कवळी काढून पाण्याच्या पेल्यात सोडली, हिरड्यांना लवंगेचं तेल चोळलं आणि नव्याकोऱ्या हातमोज्याचं बोट तोंडात घातलं.

जावयाने चहाचा कप खाली ठेवला. मोटारसायकल चालवताना घालायचे ते हातमोजे त्याने कालच आणले होते. जाड, काळं, ताठ चामडं. सासरे डोळे मिटून त्याचं एकेक बोट चघळत होते. हनुवटीवर लाळेची तार लोंबत होती. ती त्यांनी बाहीने पुसली आणि पुढचं बोट तोंडात घेतलं.

“बाबा, हे काय चाललंय?”

“मऊ करतोय, जावईबापू. दात लागले की चामड्यावर वण पडतो. हिरड्यांनी चघळलं की कसं लोण्यासारखं होतं.”

सासरे तरुणपणी कारखान्याच्या क्रिकेट संघात यष्टिरक्षक होते. तेव्हा तोंडात दात होते, त्यामुळे नुसत्या थुंकीवर भागवावं लागे, असं त्यांनी खेदाने सांगितलं.

तोंडाचं झालं, मग काखेचं. दुपारी ते दोन्ही काखांत एकेक हातमोजा दाबून झोपले. उठले तेव्हा चामड्यावर घामाचे पांढरे डाग उमटले होते. जावयाने एक हातमोजा चिमटीत धरून पाहिला, खाली टाकला आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. तरी वास जाईना. लोकांना पाल बघून जशी शिसारी येते तशी त्याला उष्ट्याची येई. बायकोच्या कपातला घोटसुद्धा त्याने आजवर घेतला नव्हता.

त्याने बायकोला स्वयंपाकघरात गाठलं.

“तुझ्या वडिलांना आवर. ते मला हातात घालायचेत.”

“हळू बोला. आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदाच कशात तरी रमलेत. आणि तुमच्या परीक्षेसाठीच करतायत ना?”

परीक्षेचं खरं होतं. तो रोजंदारीवर पार्सलं पोचवत होता. एका मोठ्या कंपनीत पक्की नोकरी मिळायची होती, पण आधी गाडी चालवून दाखवायची, तीही हातमोजे घालून. मागच्या खेपेला तो आदल्या दिवशी घेतलेले हातमोजे चढवून गेला. बोटं वाकेनात, क्लच निसटला आणि गाडी थेट परीक्षकांच्या खुर्चीवर. परीक्षक वेळेवर उठले म्हणून बरं, हातमोजे मात्र फाटले. आता शेवटची संधी होती. ही गेली की जन्मभर रोजंदारी.

ताठ हातमोजे चालणार नव्हते. सासऱ्यांचे उष्टे तर मेला तरी चालणार नव्हते. आणि नाही म्हणावं तर म्हातारा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार, बायको आठवडाभर बोलणार नाही.

मग त्याने डोकं चालवलं. त्याच दुकानातून अगदी तशीच दुसरी जोडी आणली आणि गुपचूप गाडीच्या मागच्या डब्यात ठेवली. पहिली जोडी सासऱ्यांच्या मांडीवर नेऊन ठेवली.

“चालू द्या बाबा. तुमच्या हाताला गुण आहे.”

“हाताला कुठे, तोंडाला,” सासरे खूश होऊन म्हणाले.

दुसरी जोडी सुरुवातीला लाकडासारखी होती. तीच घालून तो दिवसभर पार्सलं वाटत फिरे. प्रत्येक दारात सही घ्यायला उजवा हात मोकळा करावा लागे. डाव्या हातात पार्सल, म्हणून तो मधलं बोट दातांत धरायचा आणि हातमोजा ओढून काढायचा. ताठ चामड्याने जबडा दुखायचा. पण स्वतःचाच हातमोजा, स्वतःचंच तोंड, त्याला काही वाटत नसे.

बघता बघता चामडं वळायला लागलं. सकाळी हातमोजे किंचित दमट लागत. रात्रभर गाडी उघड्यावर असते, दव पडत असेल, असं त्याने धरलं. दातांत धरलं की तिखटगोड वास येई. भारी चामड्याची बातच वेगळी, तो मनाशी म्हणे आणि जरा जास्तच वेळ दातांत धरी.

घरी सासऱ्यांचं चघळणं, थुंकणं, काखेत दाबणं चालूच होतं. तो लांबून बघे, तोंड भरून कौतुक करी आणि बाहेर निघून जाई.

परीक्षेच्या दिवशी क्लच बोटांत असा बसला की हातात काही घातलंय हे कळूच नये. गाडी चिंचोळ्या वळणांतून पाण्यासारखी गेली.

“या खेपेला खुर्ची वाचली,” परीक्षक म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे केला. त्याने मधलं बोट दातांत धरून हातमोजा काढला आणि सही केली.

येताना त्याने केक आणला. पहिला तुकडा सासऱ्यांच्या हातात दिला आणि चेहरा गंभीर ठेवून म्हणाला, “बाबा, पास झालो. सगळं श्रेय तुमचं.”

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. थाप इतकी गोड लागते हे त्याला आजच कळत होतं. त्याने केकचा मोठा घास घेतला.

सासरे संकोचले. “आता झालंच आहे काम, तर सांगून टाकतो. तुम्ही दिलेली जोडी तर केव्हाच मऊ झाली. नंतर नुसता चाळा म्हणून चघळत होतो. मग एकदा हवा भरायचा पंप शोधायला तुमच्या गाडीचा डबा उघडला, तर आत दुसरी जोडी! म्हटलं, हीही मऊ करून हवी असेल, भिडेपोटी बोलले नसतील. तेव्हापासून रोज पहाटे, तुम्ही उठायच्या आत, तीच घेऊन बसायचो.”

जावयाचा घास तोंडातच राहिला.

“फक्त एक सांगतो, रागावू नका,” सासरे नाक मुरडत म्हणाले. “त्यातल्या उजव्या हातमोज्याच्या मधल्या बोटावर कुणाचे तरी दात उमटलेत. रोज चावतो मेला. तुमच्या नोकरीचा प्रश्न होता म्हणून डोळे मिटून चघळलं, पण दुसऱ्याचं उष्टं तोंडात घ्यायचं म्हणजे, खरं सांगू जावईबापू, मला फार किळस यायची.”