जमदाढ

शब्दकोशाच्या कचेरीत मदतनिसाच्या जागेसाठी मुलाखती चालल्या होत्या. लोहाराची लेक आत आली, तेव्हा संपादकांनी तिचा अर्ज बाजूला ठेवून जुना कोश तिच्यापुढे सरकवला.

"'जमदाढ'. वाचा."

"'आखूड तलवार. व्युत्पत्ती अज्ञात.'" ती थबकली. गप्प राहिली असती, तर नोकरी पदरात पडली असती. "हे चूक आहे, सर."

"कोश चूक आणि तुम्ही बरोबर?"

"मी नाही, माझे वडील. हे हत्यार घडवण्यात त्यांचा जन्म गेला. यमाची दाढ, ती जमदाढ. तलवारीनं वार करतात, ही खुपसतात. दाढ कशी रुतते, तशी. म्हणून तर हिची मूठ आडवी; दंडातला सगळा जोर सरळ टोकात उतरतो."

"कुठल्या ग्रंथात आहे हे?"

"ग्रंथात असतं तर तुमच्या नजरेतून सुटलं असतं का?"

संपादकांनी कोश स्वतःकडे ओढला. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"वडिलांचं पूर्ण नाव?"

"अर्जात लिहिलंय, सर."

"अर्जासाठी नकोय. नवी नोंद करतोय. तिच्याखाली आधार म्हणून ग्रंथाचं नाव छापतो ना आम्ही, तिथे छापायचंय."