अकरा वेळा हात वर

मुलांच्या दातांची तज्ज्ञ होण्याच्या शेवटच्या परीक्षेत डॉक्टरताईच्या वाट्याला पाच वर्षांची चिमुरडी आली. दाढ मुळापर्यंत किडलेली, जीभ मात्र ठणठणीत. पाऊण तासात कीड काढून वर स्टीलची टोपी बसवायची, नाहीतर परीक्षा पुन्हा सहा महिन्यांनी. दाढ बधिर करून ताई म्हणाली, "दुखलं तर हात वर कर, मी लगेच थांबेन." यंत्र सुरू झालं आणि हात वर गेला. ताई थांबली. "दुखतंय?" "नाही. तू खरंच थांबतेस का ते बघत होते." मग तो खेळच झाला. आठव्या हाताला आईचा पारा चढला. "पुरे हं आगाऊपणा! डॉक्टर, तुम्ही लक्षच देऊ नका तिच्याकडे." परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. ताईचा जीव टांगणीला लागला, तरी "शब्द दिलाय तिला," म्हणत ती अकराव्यांदाही थांबली. बारावा हात आलाच नाही. खात्री पटल्यावर चिमुरडीने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि जबडा मगरीसारखा उघडला. दोन मिनिटं राखून टोपी बसली. शेजारच्या परीक्षार्थीच्या खुर्चीत तिघांनी दाबून धरलेला मुलगा अजून तोंड मिटूनच होता. चिमुरडी टुणकन उतरून तिकडे गेली. "ए रड्या, दुखलं तर हात वर कर, म्हणजे हे डॉक्टरकाका थांबतील." मग काकांवर डोळे वटारले. "पण आधी त्याचे हात सोडा ना! वर कसा करणार तो?" हात सुटले, तोंड उघडलं. परीक्षकांनी ताईच्या कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं आणि काकांना म्हणाले, "ऐकलंत ना या छोट्या मॅडमचं? हेच तीन वर्षं घसा फोडून शिकवतोय मी."