दोन किलो कमी

"उपाशी मरू नको, मोजून जेव. महिन्याले दोन किलो आरामात उतरतीन," नर्स असलेली वैष्णवीताई म्हणाली होती. मी मोबाइलवर रोज इमानदारीनं 'भाकर: एक' एवढंच टाकायचो. आईची भाकर परातीएवढी असते, हे मोबाइलला कोण सांगणार?

महिना संपला त्या दिवशी बाबांसोबत राळेगावात कापूस उतरवला आणि तसाच घामाघूम व्यापाऱ्याच्या काट्यावर चढलो.

"ब्याऐंशी," शेठ म्हणाले.

मागच्या महिन्यातही ब्याऐंशीच होतो.

शेठनी सवयीनं माझ्या पाठीला हात लावून पाहिला. "माल ओला हाय. दोन किलो कट. ऐंशी लिवा."

बाबा या कटतीवरून दरवर्षी भांडतात. मी हात जोडले.

"शेठ, तेवढी पावती द्या न! ताईले दाखवाची हाय."