अर्थ सांगणारा बाकावर

"शिकवताना कवितेचा अर्थ जो सांगेल, तो बाकावर उभा राहील," देवस्थळीबाईंनी सकाळीच दम भरला. बारावीच्या प्रगत साहित्यवर्गासाठी निवडलेले नवे शिक्षक समोर विद्यार्थी होऊन बसले होते. "आयतं भरवायचं नाही. प्रश्न विचारायचा आणि तोंडाला कुलूप लावायचं. अर्थ मुलं शोधतील."

दुपारी त्यांच्यातले इंगवलेसर नमुना पाठ घ्यायला फळ्यापाशी आले. त्यांनी कविता वाचली आणि विचारलं, "घरात म्हातारी एकटीच. मग तिने दोन ताटं का वाढली?" आणि खरोखरच कुलूप लावलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "पाहुणे येणार असतील." इंगवले नुसते हसले. "दुसरं ताट झाकायला असेल," एक बाई म्हणाल्या. इंगवलेंनी त्यावरही मान डोलावली. देवस्थळीबाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं. ही कविता शिकवताना दरवर्षी त्यांना पदराने डोळे टिपावे लागायचे, आणि इथे हे झाकण!

"भूक जास्त लागली असेल," तिसरा म्हणाला.

"अहो, भूक कसली! नवरा गेलाय तिचा!" देवस्थळीबाई कडाडल्या. "हाताची सवय जात नाहीये!" आणि त्यांनी जीभ चावली.

इंगवलेंनी अदबीने रिकाम्या बाकाकडे हात केला. "या, बाई."

नियम म्हणजे नियम. बाईंनी चपला काढल्या, निऱ्या सावरल्या आणि इंगवलेंच्या खांद्याचा आधार घेत त्या बाकावर चढल्या.

"आता वर आलेच आहे," त्या म्हणाल्या, "तर दुसऱ्या कडव्याचाही अर्थ सांगून टाकते."